जुने सामान ऑनलाइन विकताना पैसे सुरक्षितपणे कसे घ्यावेत? (बडोदे)

प्रश्न: अलकनंदा, दांडिया बाजार

सप्रेम नमस्कार.

दांडिया बाजारातील जुने घर रिकामे करून आम्ही गोत्रीला एका लहान फ्लॅटमध्ये राहायला जात आहोत. तिथे मावणार नाही असे बरेच सामान आहे: पितळी कड्यांचा सागवानी झोपाळा, आरशाचे कपाट, दीड टनाचा एसी आणि सासऱ्यांची स्कूटर. भंगारवाल्याने झोपाळ्याला जळाऊ लाकडाचा भाव सांगितला, तेव्हा भाच्याच्या मदतीने मी जुन्या वस्तूंच्या एका संकेतस्थळावर छायाचित्रांसह जाहिरात दिली आणि झोपाळ्याची किंमत 28,000 रुपये लिहिली.

जाहिरात लागते न लागते तोच एका गृहस्थांचा फोन आला. आपण सैन्यात असून इथल्या ईएमई या सैन्याच्या प्रशिक्षण संस्थेत नेमणूक आहे, झोपाळा छायाचित्रावरूनच पसंत आहे आणि किमतीत एक रुपयाही कमी नको, असे ते हिंदीत म्हणाले. मागोमाग व्हॉट्सअ‍ॅपवर गणवेशातील छायाचित्र, ओळखपत्र आणि कॅन्टीनचे कार्डही आले. ड्युटीमुळे स्वतः येता येणार नाही, संध्याकाळी युनिटची गाडी सामान नेईल, पैसे मात्र आत्ताच पाठवतो, असे सांगून त्यांनी एक क्यूआर कोड पाठवला आणि म्हणाले, “मॅडम, इसको स्कैन करके अपना पिन डालिए, अमाउंट आपके खाते में आ जाएगा। आर्मी का पेमेंट ऐसे ही होता है।” खात्री नसेल तर आधी पाच रुपयांचा कोड पाठवतो, तुम्हाला दहा रुपये परत येतील, असेही त्यांनी सुचवले. मी कोड स्कॅन केला नाही, भाचा आल्यावर बघू असे म्हटले. तेव्हापासून सारखे फोन येत आहेत आणि सुरुवातीची अदब जाऊन आता “फौजी पर भरोसा नहीं है क्या?” अशी भाषा सुरू झाली आहे.

मला हे समजून घ्यायचे आहे की असा कोड स्कॅन केल्यावर नेमके काय होते आणि पैसे घेण्यासाठी पिन का लागावा. सैन्याची पैसे देण्याची खरोखरच काही वेगळी पद्धत असते का? शिवाय दुसरेही गिऱ्हाईक आहेत. कारेलीबागेतील एक गृहस्थ घरी येऊन, वस्तू पाहून फोनवरून पैसे देऊ म्हणतात. मला फसायचे नाही, पण दारात आलेल्या प्रामाणिक माणसाला चोरासारखे वागवण्याचीही लाज वाटते. हे दोन्ही कसे साधावे?

उत्तर 1: निवृत्त लेखापाल, कारेलीबाग

अलकनंदाताई, आपण थांबलात हे उत्तम केलेत. हा माणूस ठग आहे, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. त्याच्याशी वाद घालत बसू नका. संदेश, कोड आणि क्रमांक यांची छायाचित्रे जपून ठेवा आणि मग त्याला ब्लॉक करा.

आता पिनविषयी. यूपीआय ही व्यवस्था नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने 2016 मध्ये सुरू केली आणि तिची रचना पहिल्यापासून अशी आहे की पैसे देणाऱ्याने मंजुरी द्यायची, घेणाऱ्याने काहीच करायचे नाही. आपला यूपीआय पिन म्हणजे आपल्या खात्यातून रक्कम बाहेर जाऊ देण्याची आपली सही. शिल्लक पाहतानाही तो विचारला जातो हे खरे, परंतु बाहेरून येणारी रक्कम स्वीकारण्यासाठी तो कधीही, कुठल्याही ॲपमध्ये विचारला जात नाही. आपला फोन बंद असला, आपण झोपेत असलात, तरी येणारे पैसे खात्यात जमा होतात. समोरच्याला फक्त आपला मोबाइल क्रमांक, यूपीआय आयडी किंवा खाते क्रमांक आणि बँकेचा आयएफएससी कोड लागतो. तेव्हा “पैसे घेण्यासाठी पिन टाका” या वाक्याला तिन्ही त्रिकाळ एकच अर्थ आहे, तो म्हणजे “तुमचे पैसे मला पाठवा”.

क्यूआर कोडमध्ये दडलेला मजकूरही साधाच असतो. पैसे कोणाला जाणार त्याचा यूपीआय आयडी, त्याचे नाव, रक्कम आणि एक टीप, एवढेच त्या काळ्यापांढऱ्या चौकटीत भरलेले असते. म्हणजे कोड ज्याने बनवला त्याला पैसे जातात, ज्याने स्कॅन केला त्याचे कमी होतात. ठगांची हुशारी त्या टिपेच्या जागेत असते. तिथे ते “28,000 प्राप्त करा” किंवा “आर्मी रिफंड” असे काहीबाही लिहून ठेवतात, पडद्यावर तेच शब्द दिसतात आणि गोंधळलेला माणूस वरची “पे” ही अक्षरे न वाचता पिन टाकून मोकळा होतो. कोडमधले नावसुद्धा पूर्वी बनवणाऱ्याच्या मर्जीचे असे. 2025 च्या मध्यापासून मात्र ॲपने बँकेत नोंदलेले खरे नावच दाखवावे असा नियम झाला आहे, त्यामुळे पडद्यावरचे नाव वाचण्याला आता अर्थ आला आहे. पूर्वी हेच लोक “रिक्वेस्ट मनी” ची मागणी पाठवून पैसे उकळत असत. व्यक्ती-व्यक्तींमधल्या अशा मागण्या 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद झाल्या, आणि त्या दारातून हाकललेली मंडळी कोड आणि लिंक यांच्याकडे आणखी जोमाने वळली.

पाच रुपयांचा प्रयोग हा तर या नाटकाचा पहिला अंक. आपण पाच रुपये पाठवता, तो दहा पाठवतो आणि स्कॅन केल्यामुळेच पैसे आले असे आपल्या मनावर ठसते. खरे पाहता ते दोन वेगळे व्यवहार असतात. दुसरा कोड मोठ्या रकमेचा असतो आणि त्यानंतर परत काही येत नाही.

सैन्याविषयी आपण विचारलेत. जवानाचा पगार आपल्यासारखाच साध्या बँक खात्यात जमा होतो आणि खाजगी खरेदीसाठी तो आपल्यासारखाच पैसे देतो; वेगळी “आर्मी पद्धत” अशी काही नाही. गणवेश दाखवला की आपल्याकडे माणूस प्रश्न विचारायला संकोचतो, एवढ्यासाठीच हे सोंग घेतले जाते. बडोद्यात ईएमई स्कूल आहे हे गुगलवर पाहायला कितीसा वेळ लागतो? इंदूरच्या माणसाला तोच ठग महूच्या लष्करी छावणीचे नाव सांगेल आणि ग्वाल्हेरच्या माणसाला महाराजपुऱ्याच्या हवाई तळाचे. आणि खरोखर ईएमईजवळ फतेगंजला राहणारा माणूस 28,000 रुपयांचा झोपाळा घेण्यापूर्वी दांडिया बाजारापर्यंत स्कूटरवर येऊन लाकूड ठोकून पाहील की नाही? एक सूचना मात्र करतो: ते ओळखपत्र नातेवाइकांच्या गटांवर “सावधान” म्हणून फिरवू नका. त्यावरचा चेहरा बहुधा एखाद्या खऱ्या जवानाचा असतो, त्याची कागदपत्रे आधी कधीतरी चोरलेली असतात, आणि आपण नकळत त्या बिचाऱ्याची बदनामी करतो.

दुसरा प्रकार यापेक्षा शांत असतो आणि म्हणून मला तो अधिक घातक वाटतो. यात समोरचा माणूस आपल्याकडून काहीच मागत नाही. तो फक्त दाखवतो. हिरवी खूण, रक्कम, तारीख, व्यवहार क्रमांक, सगळे हुबेहूब असलेला पडदा दाखवणारी बनावट ॲप्स असतात. किंवा आपल्या फोनवर “आपल्या खात्यात 28,000 जमा” असा संदेश येतो, पण तो दहा आकडी मोबाइल क्रमांकावरून आलेला असतो. बँकेचे संदेश साध्या मोबाइल क्रमांकावरून येत नाहीत, अक्षरांच्या शीर्षकाने येतात आणि अलीकडे त्या शीर्षकाच्या शेवटी टी किंवा एस असे अक्षरही असते. तरीही मी म्हणेन की संदेशावर विसंबूच नका. आपल्या फोनमध्ये आपल्या बँकेचे ॲप आपल्या हाताने उघडा आणि शिल्लक वाढली का ते पाहा. त्याचा फोन, त्याचा पडदा, त्याची पावती हे सर्व त्याचे म्हणणे झाले. पुरावा फक्त आपल्या खात्यात असतो.

याच्याच पोटात आणखी एक खेळी आहे. खोटा संदेश 82,000 चा येतो आणि लगेच फोन येतो, “चुकून आकडे उलटे पडले, वरचे 54,000 परत करा, आई दवाखान्यात आहे.” शिल्लक न पाहता परत केलेले ते 54,000 आपल्या कष्टाचे असतात. खरोखरच जास्त रक्कम आली असेल तरी स्वतः परत पाठवू नये; ज्याने पाठवली त्याने आपल्या बँकेकडे तक्रार करावी आणि बँकेमार्फत ती परत जावी.

“पाठवले आहेत, सर्व्हर डाऊन आहे, उद्या दिसतील, सामान आज देऊन टाका” असेही ऐकू येईल. यूपीआय आणि आयएमपीएसने पैसे बहुधा क्षणात येतात. एनईएफटी डिसेंबर 2019 पासून चोवीस तास चालते, दर अर्ध्या तासाने तिचा हिशेब होतो आणि त्यानंतर दोन तासांच्या आत रक्कम जमा व्हावी असा नियम आहे. व्यवहार क्वचित अडकतोही, नाही असे नाही, पण तो अडकला असेल तर सामानही आपल्याच घरी अडकून राहू द्यावे.

शेवटचे, कोणी “पैसे येत नाहीत, मी तुम्हाला मदत करतो” म्हणून फोनचा पडदा दुरून पाहणारे ॲप उतरवायला सांगितले किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके (फोनमध्ये ॲप बसवणारी) फाइल पाठवली, तर ती उघडू नका. अशा ॲपमुळे आपले ओटीपी आणि पिन त्याला दिसू लागतात.

उत्तर 2: रावपुरा

एवढ्या भानगडीत पडायचेच कशाला? मी जुना फ्रिज विकला, सायकली विकल्या, नेहमी रोखच घेतली. गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे की पैसे रोख मिळतील तरच वस्तू. ज्याला खरेच घ्यायचे असते तो एटीएममधून काढून आणतो, आणि ज्याला ठगायचे असते तो पुन्हा फोन करत नाही. नोटांची शंका असेल तर गिऱ्हाइकालाच बरोबर घेऊन बँकेच्या रोख भरण्याच्या यंत्रापाशी जावे. यंत्राने नोटा घेतल्या, पावती आली, की विषय मिटला.

उत्तर 3: जुन्या उपकरणांचा दुकानदार, मांजलपूर

लेखापाल काकांनी लिहिलेले सर्व बरोबर आहे, परंतु त्यावरून वाचणाऱ्याचा असा समज होईल की खात्यात पैसे खरोखर आले म्हणजे धोका टळला. आमच्या धंद्यात गेल्या काही वर्षांत जी डोकेदुखी वाढली आहे ती नेमकी इथून पुढची आहे: पैसे खरे असतात, पण ते समोर उभ्या असलेल्या माणसाचे नसतात.

आमच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडे एक तरुण आला, त्याने दोन जुने एसी पसंत केले, कोणाला तरी फोन लावला आणि दुकानाचा कोड त्याच्याकडे पाठवला. साऊंडबॉक्सने रक्कम मोठ्याने सांगितली, बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक वाढली, म्हणजे काकांच्या कसोटीवर व्यवहार अगदी चोख होता. तरुण टेम्पोत एसी घालून गेला. काही आठवड्यांनी व्यापाऱ्याच्या खात्यातील तेवढी रक्कम बँकेने अडकवून ठेवली, कारण ते पैसे दुसऱ्या राज्यातील एका निवृत्त माणसाकडून फसवून घेतलेले होते आणि त्याने पोलिसांकडे तक्रार केली होती. ठगाने त्या माणसाला आमच्या व्यापाऱ्याचाच कोड पाठवून पैसे भरायला लावले होते. एका ठगीत दोघांना झळ: एकाचे पैसे गेले, दुसऱ्याचे सामान गेले, आणि पोलिसांच्या कागदावर पैसे घेणारा म्हणून नाव आले ते व्यापाऱ्याचे.

हे असे घडते कारण 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार झाली की रक्कम कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात गेली याचा माग बँका एकमेकींना कळवत जातात आणि वाटेतल्या प्रत्येक खात्यावर तेवढ्या रकमेचा लीन, म्हणजे ती रक्कम काढण्यावर बंदी, लागतो. फसलेल्या माणसाच्या दृष्टीने ही व्यवस्था फार मोलाची आहे, म्हणून तिला दोष देता येत नाही. पण खात्याचा मालक चोर आहे की विक्रेता, हे त्या घडीला कोणाला कळत नाही. ते नंतर कागद दाखवून सिद्ध करावे लागते.

म्हणून आता आम्ही एकच गोष्ट बघतो: पैसे पाठवणाऱ्याचे नाव आणि समोर उभ्या असलेल्या माणसाचे नाव जुळते का. आधी एक रुपया पाठवायला सांगतो. तो आला की नाव दिसते. त्याने स्वतःच्या खात्यातून पाठवला असेल तर त्याच खात्यातून बाकीची रक्कम घेतो. “भाऊ पाठवेल”, “शेठ पाठवतील” असे म्हटले तर भाऊ किंवा शेठ स्वतः येऊ देत. नवरा-बायकोसारखा खरा प्रसंग असेल तर त्या दुसऱ्या व्यक्तीशी व्हिडिओवर बोलून घेतो आणि तसे पावतीवर लिहितो. साध्या कागदावर वस्तू, किंमत, तारीख, व्यवहाराचा 12 आकडी क्रमांक आणि दोघांच्या सह्या, शिवाय त्याच्या ओळखपत्राचा फोटो, एवढे केले तरी पुढे कधी लीन लागला तर हातात काहीतरी असते. अलकनंदाताई, जाहिरातीचे छायाचित्र आणि त्या माणसाशी झालेले संदेशही जपून ठेवा, कारण संकेतस्थळावरील जाहिरात काही काळाने नाहीशी होते.

दुसरे म्हणजे, पेन्शनच्या किंवा घरखर्चाच्या खात्यात असे पैसे घेऊ नका. ज्यात थोडीच शिल्लक आहे असे दुसरे खाते असेल तर ते या कामासाठी वापरा. लीन नुसत्या वादग्रस्त रकमेवर लागावा अशी अपेक्षा असते, पण सगळे खातेच गोठवल्याची उदाहरणे आम्ही पाहिली आहेत, आणि तेव्हा औषधाचे पैसे काढायलाही लोकांकडे हात पसरावा लागतो.

रावपुऱ्याच्या काकांचे रोखीचे म्हणणे या एका बाबतीत खरोखर बिनतोड आहे, हे मान्य करतो. फक्त यंत्रापाशी जाण्याआधी सामान गाडीत चढवू देऊ नका.

प्रामाणिक गिऱ्हाइकाला वाईट वाटेल ही आपली भीती मात्र अनाठायी आहे. “आमच्याकडे सगळ्यांनाच हे विचारतो” असे म्हटले की भला माणूस हसून नाव सांगतो. दुकानात रोज होते.

उत्तर 4: एक वकील, बडोदे

वरील मंडळींनी फसवणूक टाळण्याविषयी लिहिले आहे. दुर्दैवाने पैसे गेलेच तर काय करावे, हे थोडक्यात लिहितो, कारण माझ्याकडे येणारे बहुतेक लोक सर्वांत मौल्यवान वेळ त्या ठगालाच फोन करण्यात किंवा घरच्यांपासून लपवण्यात घालवून आलेले असतात.

पहिले काम म्हणजे 1930 ला फोन करणे. वकिलाकडे त्यानंतर यावे. रक्कम ठगाच्या पहिल्या खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात आणि तिथून रोखीत जाण्यापूर्वी अडवली गेली तरच परत मिळण्याची आशा असते, आणि हा प्रवास काही मिनिटांतही पुरा होतो. फोन करताना आपला खाते क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ आणि समोरच्याचा यूपीआय आयडी जवळ ठेवावा. क्रमांक लागत नसेल तर केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तीच तक्रार करता येते. त्याच वेळी बँकेलाही लेखी कळवावे आणि तक्रारीचा क्रमांक घ्यावा. बँकेचा ग्राहक सेवा क्रमांक मात्र गुगलवर शोधू नये, तो कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर असतो. शोधात वर येणारे कित्येक क्रमांक दुसऱ्या ठगांचेच असतात.

लोक मला 6 जुलै 2017 च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाचा हवाला देतात आणि म्हणतात, तीन दिवसांत कळवले तर पूर्ण पैसे परत मिळतात. हे अर्धेच खरे आहे. त्यातील संरक्षण ग्राहकाने स्वतः न केलेल्या, अनधिकृत व्यवहारांसाठी आहे: त्रयस्थाच्या लबाडीमुळे खात्यातून पैसे गेले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर जबाबदारी येत नाही. जिथे ग्राहकाने भुलून का होईना पण स्वतः कोड स्कॅन करून स्वतःचा पिन टाकला, तिथे बँका तो व्यवहार अधिकृत होता असेच म्हणतात आणि बहुतेक वेळा त्या भूमिकेवर ठाम राहतात. तरीही तक्रार करावीच, कारण कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेच्या माथी येते. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

पोलिसांविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ठग दुसऱ्या राज्यातला आहे म्हणून इथे गुन्हा नोंदता येत नाही, असे कोणी म्हटले तर ते चूक आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात खबर देता येते. फसवून मालमत्ता घेणे हे भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये येते, दुसऱ्याचे सोंग घेणे कलम 319 मध्ये, आणि संगणक किंवा फोनच्या साहाय्याने तेच केले तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66 डी लागते, ज्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. अडवलेली रक्कम परत मिळण्यासाठी अनेकदा न्यायालयाचा आदेश लागतो. गुजरातमध्ये पोलिसांच्या “तेरा तुझको अर्पण” उपक्रमातून अशा रकमा मूळ मालकांना परत दिल्या जातात, तेव्हा अर्ज केल्यावर ठाण्यात पाठपुरावा चालू ठेवावा.

मांजलपूरच्या बंधूंनी सांगितल्याप्रमाणे लीन लागलेला विक्रेताही न्यायालयात जाऊ शकतो, आणि तिथे त्याची ती साधी पावतीच सर्वांत उपयोगी पडते. घाबरून “सेटलमेंट” साठी फोन करणाऱ्या कोणा तोतया निरीक्षकाला पैसे देऊ नयेत.

अलकनंदाताईंचे पैसे गेलेले नाहीत, तरीही तो क्रमांक संचार साथी संकेतस्थळावरील “चक्षू” या सोयीत नोंदवता येईल. दूरसंचार विभागाने मार्च 2024 मध्ये ती अशाच संशयास्पद फोन आणि संदेशांसाठी सुरू केली आहे.

अलकनंदा, दांडिया बाजार

सर्वांचे मनापासून आभार. “फौजी” साहेबांना ब्लॉक केले आणि चक्षूवर नोंदही केली. भाच्याने तो कोड आपल्या फोनमध्ये नुसता वाचून पाहिला, पैसे न भरता. लेखापाल काकांनी म्हटल्याप्रमाणे आत एक यूपीआय आयडी, 28,000 ही रक्कम आणि “पेमेंट रिसीव्ह” अशी टीप निघाली.

आता दोन शंका उरल्या आहेत. स्कूटर घेऊ इच्छिणारे एक गृहस्थ चेक देऊ म्हणतात आणि चेक बँकेत भरल्याची पावती दाखवून लगेच गाडी नेऊ इच्छितात. आणि सुरतेचे एक जुन्या फर्निचरचे व्यापारी झोपाळ्यासाठी टेम्पो पाठवतो म्हणतात. थोडे पैसे आधी, बाकीचे टेम्पोवाल्याच्या हाती. त्यांनी अजून पिन किंवा कोड असे काही मागितलेले नाही.

निवृत्त लेखापाल, कारेलीबाग

चेक भरल्याची पावती म्हणजे बँकेने कागद स्वीकारला, एवढेच. पैसे मिळाले असा तिचा अर्थ होत नाही. काही वेळा चेकची रक्कम खात्यात दिसूही लागते, परंतु ती वापरण्याजोग्या शिलकेत धरलेली नसते आणि चेक परत आला की पुसली जाते. तेव्हा “उपलब्ध शिल्लक” हाच आकडा पाहा आणि शंका असेल तर शाखेत विचारा. ऑक्टोबर 2025 पासून चेक वटण्याचे काम पुष्कळ वेगाने होते आणि बँकेत वेळेत पोचलेल्या चेकचा निकाल बहुधा त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत लागतो, त्यामुळे त्या गृहस्थांना एक-दोन दिवस थांबा म्हणणे मुळीच गैर नाही. धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट) आणला तरी हीच खबरदारी घ्या, कारण तोही बनावट निघू शकतो. चेक न वटल्यास निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचे कलम 138 आहे, पण बँकेचा परताव्याचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस, मग पैसे भरायला 15 दिवसांची मुदत, मग न्यायालय, अशी ती वाट आहे आणि तोवर स्कूटर कुठल्या गावी फिरत असेल कोणास ठाऊक. गाडी देताना मालकी बदलाच्या 29 आणि 30 क्रमांकाच्या फॉर्मवर सह्या पैसे आल्यानंतरच करा. गाडी सासऱ्यांच्या नावावर आहे, तेव्हा सह्या त्यांच्या लागतील. ते हयात नसतील तर आधी वारसाच्या नावावर करून घ्यावी लागेल.

सुरतेच्या व्यापाऱ्यांवर मी लगेच संशय घेणार नाही, कारण जुन्या सागवानाचा व्यापार असा चालतो. त्यांच्या दुकानाच्या नावाच्या खात्यातून पूर्ण रक्कम आधी मागा. खरे व्यापारी असतील तर पावती मागतील आणि तुम्हालाही देतील. टेम्पो निघाल्यावर फोन आला की “गेट पाससाठी, विम्यासाठी किंवा डिपॉझिट म्हणून थोडे पैसे भरा, नंतर सगळे एकदम परत देतो”, तर समजावे की हा तोच खेळ दुसऱ्या वेषात आला आहे. विकणाऱ्याने विकण्यासाठी पैसे भरायचे नसतात. टेम्पोचे भाडे कोणी द्यायचे हेही आधीच संदेशात लिहून घ्या. आणि ते चालकाच्या हाती रोख पाठवण्यावरच अडून बसले, तर नोटा मोजून, यंत्रात भरून, पावती हाती आल्याशिवाय झोपाळ्याच्या कड्या उतरवायला सुताराला बोलावू नका.